हौशी आणि धंदेवाईक : पळवणकर बाळूंची कारकीर्द

पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागांत दोन गांवें आहेत : घोडनदीच्या कांठचें शिरूर आणि भीमेच्या कांठचें दौंड. शिरूरला महत्त्व आलें तें छावणीमुळें; दौंड वाढलें तें लोहमार्गामुळें. पेशवाईच्या अखेरच्या काळांत इंग्रजांची तैनाती फौज शिरूरास असे. १८१७ सालच्या ३१ डिसेंबरच्या रात्रीं कोरेगांवच्या वाटेस लागलेली कॅप्टन स्टाँटन याची पलटण याच छावणींतून निघाली होती, आणि कोरेगांवच्या स्तंभावर जीं नांवें कोरलेलीं आहेत त्यांत महार शिपायांचीं नांवें अनेक आहेत. पुढें ‘पूना हॉर्स’ या रिसाल्याचाही मुक्काम शिरूरास होता. दौंडास १८७८ सालीं मनमाडकडील फांटा येऊन मिळाला आणि एका साध्या स्टेशनाचें मोठें जंक्शन झालें. त्याच्याभोंवतीं रेल्वे-नोकरांची वसाहत उभी राहिली.

खेळाडूच्या कथेचा आरंभ छावणी आणि लोहमार्ग यांपासून कां, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. त्याचें उत्तर असें कीं, महाराष्ट्रांत चेंडूच्या खेळावर ज्यांनीं पोट भरलें त्या पहिल्या पिढींतील सर्वांत मोठा खेळाडू या दोन यंत्रणांच्या आश्रयानेंच वर आला. त्या खेळाडूचें नांव पळवणकर बाळू. त्यांचा जन्म शिरूरचा नव्हे, दौंडचाही नव्हे. परंतु ज्या दोन दारांतून जातिभेदानें जखडलेल्या समाजांतील माणसास त्या काळीं बाहेरच्या जगांत पाऊल टाकतां येई, त्या दारांचीं हीं दोन गांवें चांगलीं उदाहरणें आहेत. पहिलें दार लष्कराचें, दुसरें आगगाडीचें. बाळू या दोन्हीं दारांतून गेले. तिसरें एक दार मात्र त्यांच्यासाठीं अखेरपर्यंत पुरतें उघडलें नाहीं. तें कोणतें, तें पुढें येईलच.

खेळाचे पैसे घेणें ही गोष्ट आज कोणास खटकत नाहीं. २००८ सालापासून क्रिकेटच्या आणि २०१४ सालापासून कबड्डीच्या खेळाडूंचे उघड लिलाव होत आले आहेत, आणि कोणास किती रक्कम मिळाली याची चर्चा घरोघर चहाबरोबर चालते. एकोणिसाव्या शतकांत मात्र या प्रश्नावर समाजाचे सरळ दोन भाग पडत. जो केवळ आवडीसाठीं खेळतो तो हौशी. जो खेळाची मजुरी घेतो तो धंदेवाईक. हौशी म्हणजे प्रतिष्ठित, आणि धंदेवाईक म्हणजे नोकर, असा त्या भेदाचा खरा अर्थ होता. आपल्याकडील मल्लांची गोष्ट थोडी निराळी होती. संस्थानिकाच्या खुराकावर पोसलेला पैलवान इनामाची कुस्ती मारी व शेलापागोटें घेऊन परते. परंतु तो राजाश्रय होता, रोजमुरा नव्हे. महिन्याच्या किंवा सामन्याच्या हिशेबानें खेळाचे दाम मोजण्याची पद्धत इंग्रजी खेळांबरोबर आली.

इंग्लंडांत या भेदाचें एक वार्षिक प्रदर्शनच भरे. १८०६ सालापासून ‘जंटलमेन’ आणि ‘प्लेयर्स’ अशा दोन संघांचा सामना तेथें होऊं लागला. जंटलमेन म्हणजे हौशी, आणि प्लेयर्स म्हणजे धंदेवाईक. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, आणि मैदानावर उतरण्याचीं दारेंही कित्येक ठिकाणीं वेगळीं. धावफलकाच्या छापील कागदावरसुद्धां हौशी खेळाडूच्या आडनांवापूर्वीं त्याचीं आद्याक्षरें मानानें छापीत. धंदेवाईकाचें आडनांव उघडें तरी ठेवीत, किंवा त्याचीं आद्याक्षरें मागें टाकीत. संघाचें नायकत्व हौशी खेळाडूकडेच असावयाचें, हा अलिखित नियम होता. लेन हटन या धंदेवाईक फलंदाजाकडे इंग्लंडच्या संघाचें नायकत्व आलें तें १९५२ सालीं; आणि हा भेद कागदोपत्रीं नाहींसा झाला तो १९६२ सालीं. म्हणजे ज्या देशानें क्रिकेट आपणांकडे पाठविलें, त्या देशांतच खेळाच्या मैदानावर एक प्रकारची वर्णव्यवस्था दीडशें वर्षें नांदत होती.

अमेरिकेंत बास्केटबॉल या खेळाची हकीकत याहून वेगानें घडली. १८९१ सालच्या डिसेंबरांत स्प्रिंगफील्ड येथील ख्रिस्ती तरुण संघाच्या शिक्षणशाळेंत जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें हिवाळ्यांत छपराखालीं खेळावयाचा खेळ म्हणून फळांच्या दोन टोपल्या सज्जास टांगून तो काढला. पांचच वर्षांनीं, १८९६ सालीं, ट्रेंटन गांवच्या खेळाडूंनीं भाड्यानें दिवाणखाना घेतला, प्रेक्षकांस तिकीट लावलें, आणि खर्च वजा जातां उरलेले पैसे आपसांत वांटून घेतले. प्रत्येकाच्या वांट्यास पंधरा डॉलर आले असें सांगतात. व्यायामासाठीं निघालेला खेळ पांच वर्षांत धंदा झाला. आणि धंदा होतांच तेथेंही तोच प्रश्न उभा राहिला : हा धंदा कोणीं करावा?

१९०२ सालीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील लोवेल गांवच्या संघांत हॅरी ल्यू नांवाचा अठरा वर्षांचा एक कृष्णवर्णी तरुण होता. ‘बकी’ ल्यू या नांवानें तो प्रसिद्ध आहे. एका सामन्यास पांच डॉलर या दरानें त्यास घेतलें होतें. परंतु व्यवस्थापक त्यास बांकावरच बसवून ठेवी. एक खेळाडू जखमी झाला, प्रेक्षकांनीं ओरडा केला, तेव्हां कोठें त्यास आंत सोडण्यांत आलें. गोऱ्या धंदेवाईक खेळाडूंच्या सामन्यांत उतरणारा तो पहिला कृष्णवर्णी मानला जातो. म्हातारपणीं त्यानें सांगितलें कीं, शिव्या, धक्के आणि कोपरखळ्या यांची पुढील पिढींतील खेळाडूंनीं जी कहाणी सांगितली ती सर्व खरी आहे, आपण ती आधींच भोगलेली आहे. पांच डॉलरची मजुरी त्यास मिळाली. तिच्याबरोबर येणारा मान आपोआप मिळाला नाहीं. लोवेल आणि पुणें यांमध्यें अर्धी पृथ्वी आहे. तरी ल्यू मैदानावर उतरण्याच्या दहा वर्षें आधीं पुण्यांत याच जातीची एक गोष्ट सुरू झाली होती.

पळवणकर घराणें मूळचें कोंकणांतलें. पळवण या गांवावरून तें आडनांव पडलें. जात चर्मकार, म्हणजे त्या काळच्या रूढीप्रमाणें अस्पृश्य. बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथें झाला. वडील लष्करी खात्याच्या नोकरींत होते, आणि त्या नोकरीमुळें कुटुंब पुण्यास आलें. लष्करी वस्तींत साहेबांचें क्रिकेट रोज डोळ्यांपुढें चाले. अधिकाऱ्यांनीं टाकून दिलेल्या जुन्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू व त्यांचे धाकटे बंधु शिवराम हा खेळ शिकले. पुढें गणपत आणि विठ्ठल हेही शिकले. चौघांनींही क्रिकेटच्या मैदानावर नांव काढलें.

येथें एक कालयोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रज सरकारनें ‘लढवय्या जाती’ची कल्पना पुढें करून लष्कराची नवी मांडणी केली, आणि महार, चर्मकार इत्यादि जातींची शिपाईगिरींतील भरती बंद पडली. ज्या दारानें शिरूरच्या छावणीपासून तीन पिढ्या आंत आल्या होत्या, तें दार लागलें. त्याविरुद्ध गोपाळबुवा वलंगकर यांनीं १८९४ सालीं अर्जही केला. याच सुमारास, १८९२ सालीं, सोळा-सतरा वर्षांचे बाळू पुण्याच्या युरोपियनांच्या जिमखान्यांत नोकर म्हणून लागले. त्यापूर्वीं ते एका पारशी क्रिकेट क्लबाचें मैदान झाडीत व त्यावर रूळ फिरवीत. तेथें त्यांस महिना तीन रुपये मिळत. जिमखान्यांत चार रुपये मिळूं लागले. रूळ फिरवावा, रेघा आंखाव्या, सरावाचीं जाळीं उभारावीं, हें काम. एका साहेबाच्या मनांत आलें म्हणून त्यानें बाळूंच्या हातीं चेंडू दिला. हाच त्यांच्या कारकीर्दीचा आरंभ होय.

बाळू डाव्या हातानें मंद गतीची गोलंदाजी करीत. या गोलंदाजीचें मर्म असें कीं, उजव्या हातानें खेळणाऱ्या फलंदाजापुढें टप्पा पडल्यावर चेंडू त्याच्या अंगापासून बाहेर वळतो. फलंदाज पुढें झुकला तर चेंडू बॅटच्या कडेस चाटून झेल उडतो, मागें राहिला तर पाय आणि यष्टि धोक्यांत येतात. बाळूंच्या हातून चेंडू एकाच बाजूस वळे असेंही नव्हे. दोन्हीं बाजूंस वळविणें, हवेंत बांक देणें आणि वेग कळूं न देतां कमीजास्त करणें, हे सर्व गुण त्यांच्यांत होते. अशा गोलंदाजास जमिनीची पारख लागते. ओल किती आहे, रूळ कोणीकडून अधिक फिरला, गवत कोठें खुरटलें, हें ज्यास कळतें त्याचा टप्पा नेमका पडतो. जो मनुष्य रोज पहांटे त्याच पट्टीवर रूळ ओढीत असे त्याच्याहून ही पारख दुसऱ्या कोणास अधिक असणार? नोकराचें कष्टाचें काम हीच त्याची शाळा झाली.

जिमखान्यांतील उत्तम फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग हे होते. ‘जंगली’ या टोपणनांवानें ते सर्वत्र ओळखले जात. ते इतरांच्या आधीं मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत, आणि आपणांस बाद केलें कीं दर वेळीं आठ आणे बक्षीस देत, अशी प्रसिद्ध कथा आहे. आठ आणे म्हणजे महिन्याच्या पगाराचा आठवा हिस्सा. ग्रेग यांस आठ वेळां बाद केलें कीं एका महिन्याचा पगार सुटला! धंदेवाईक खेळाचें यापेक्षां साधें आणि स्पष्ट उदाहरण सांपडणें कठीण. ग्रेग यांस उत्तम सराव मिळाला, आणि बाळूंस पैसे मिळून शिवाय हिंदुस्थानांतल्या एका श्रेष्ठ फलंदाजावर रोज आपली विद्या पारखून पाहतां आली. कोणत्याही हौशी तरुणास एवढा सराव परवडला नसता.

परंतु या व्यवहारास एक कांटेरी कुंपण होतें. जाळ्यांत तासन् तास गोलंदाजी करणाऱ्या बाळूंच्या हातीं त्या जिमखान्यांत एकदांही बॅट आली नाहीं. फलंदाजी हा साहेबांचा मान, गोलंदाजी हें नोकराचें काम. चेंडू टाकणें आणि चेंडू टोलावणें यांतही उच्चनीचता शिरली होती.

पुण्यांतील हिंदु क्रिकेट संघास युरोपियनांशीं सामने खेळावयाचे होते. साहेबांच्या जिमखान्यांत एक अजोड गोलंदाज आहे आणि तो हिंदु आहे, हें सर्वांस ठाऊक होतें. तो आपल्या संघांत घ्यावा कीं नाहीं यावर वाद माजला. कांहीं सभासद अनुकूल होते, कांहीं कर्मठ सभासद प्रतिकूल. स्वतः ग्रेग यांनीं, असला खेळाडू वगळणें हा मूर्खपणा ठरेल, असा अभिप्राय दिल्याचें नमूद आहे. अखेर बाळू संघांत आले. ज्या चेंडूस त्यांचा हात लागे तोच चेंडू ब्राह्मण खेळाडू झेलीत व फेंकीत. त्यास विटाळ नव्हता. पण चहाची सुटी झाली कीं इतर मंडळी मंडपांत बसून कपांतून चहा घेत, आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यांत चहा दिला जाई. तें भांडें मागाहून फोडून टाकावयाचें. तोंड धुण्यास पाणी द्यावयाचें झालें तरी तें अस्पृश्य नोकराच्या हातून. जेवणाचें ताट वेगळें, जागाही वेगळी. मैदानाच्या आंखलेल्या रेघेच्या आंत ते संघाचा आधारस्तंभ होते. रेघ ओलांडतांच जात पुन्हां उभी राही.

पुण्याच्या संघानें युरोपियन संघास हरविलें. त्यानंतर साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्यानें आमंत्रण दिलें. बाळूंचा चेंडू वळूं नये म्हणून तेथील पट्टी आठवडाभर रूळ फिरवून घट्ट केली होती, अशी हकीकत आहे. तरीही बाळूंनीं सात गडी बाद केले आणि सामना पुण्याचा झाला. संघ परत आल्यावर सत्कार झाला. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं बाळूंस हार घातला, आणि ज्यांच्याबरोबर खेळतां त्यांच्याबरोबर जेवण्यास हरकत कोणती, अशा आशयाचा प्रश्न संघांतील मंडळींस केला असें सांगतात. दुसऱ्या एका प्रसंगीं लोकमान्य टिळकांनींही त्यांचा गौरव केला. समाजसुधारणेच्या प्रश्नावर ज्या दोन पुढाऱ्यांचें पटत नसे, त्या दोघांच्याही प्रशंसेस एक चर्मकार गोलंदाज पात्र झाला, ही त्या काळांत लहान गोष्ट नव्हती.

शतक संपण्यापूर्वीं बाळू मुंबईस आले. कांहीं काळ लष्कराकडे काम केल्यावर ते बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या नोकरींत शिरले, आणि त्या रेल्वेच्या क्रिकेट-संघांत खेळूं लागले. येथें दुसरें दार उघडलें. लोहमार्गाच्या कंपन्यांस आपल्या संघाचें नांव व्हावें असें वाटे, आणि चांगल्या खेळाडूस नोकरीची शाश्वति हवी असे. दोघांची गरज जुळली. खेळाडूस सामन्यागणिक पैसे न देतां कारखान्यांत किंवा कचेरींत जागा द्यावयाची, ही पद्धत पुढें हिंदुस्थानी खेळांत इतकी रुजली कीं, स्वातंत्र्यानंतर रेल्वे, पोलीस, बँका आणि गिरण्या यांच्या संघांनींच कबड्डी, हॉकी, बास्केटबॉल आणि कुस्ती यांतले शेंकडों खेळाडू पोसले. दौंडसारख्या जंक्शनवर किंवा शिरूरसारख्या तालुक्याच्या गांवीं वाढणाऱ्या मुलास खेळांतून नोकरी मिळते ही आशा ज्या रस्त्यानें आली, त्या रस्त्यावरील आरंभींचे एक प्रवासी बाळू होते.

मुंबईच्या हिंदु जिमखान्यांतही त्यांच्या प्रवेशावरून कुरकुर झाली, पण खेळाच्या गरजेनें ती मागें सारली. १९०६ सालच्या फेब्रुवारींत मुंबईस हिंदु आणि युरोपियन यांचा सामना झाला. बंगालच्या फाळणीनें देश तापलेला होता, स्वदेशीचें वारें जोरांत होतें, आणि सामन्यास केवळ खेळाहून मोठा अर्थ आला होता. हिंदूंचा पहिला डाव २४२ धावांचा, युरोपियनांचा १९१ चा. दुसऱ्या डावांत हिंदूंनीं १६० केल्या आणि युरोपियन १०२ धावांत आटोपले. हिंदूंनीं १०९ धावांनीं सामना जिंकला. बाळूंनीं दोन्हीं डावांत मिळून आठ गडी बाद केले. बंधु शिवरामही त्याच संघांत होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्रानें या विजयाचें महत्त्व धावसंख्येंत पाहिलें नाहीं, तर जातीचा अडसर बाजूस सारून बाळूंस संघांत घेतलें यांत पाहिलें.

१९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नायकत्वाखालीं अखिल हिंदुस्थानचा पहिला संघ विलायतेस गेला. महाराज स्वतः थोडेच सामने खेळले. संघ एकंदर दुबळा ठरला. २३ सामन्यांपैकीं ६ जिंकला, १५ हरला, २ अनिर्णित राहिले. परंतु या पराभवांच्या राशींत बाळूंचें नांव उजळून निघालें. सर्व सामने धरून त्यांनीं ११४ गडी बाद केले. प्रत्येक गड्यामागें त्यांच्या गोलंदाजीवर सरासरी १८.८४ धावा निघाल्या. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाविरुद्ध एका डावांत १०३ धावांत ८ गडी टिपले. त्या वेळीं त्यांचें वय पस्तिशीकडे झुकलें होतें, आणि अंगावर जवळजवळ वीस वर्षांच्या अखंड गोलंदाजीचा शीण होता. ज्यांनीं चार रुपयांवर साहेबांस सराव दिला, त्यांनींच साहेबांच्या देशांत जाऊन तेथील फलंदाजांची परीक्षा घेतली. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांनीं एकूण १७९ गडी बाद केले, आणि तेही सरासरी १५.२१ धावांत. आजच्या मापानेंही ही कामगिरी पहिल्या प्रतीची आहे.

असें असूनही एक दार बंदच होतें. तें हिंदु संघाच्या नायकत्वाचें. वयानें, अनुभवानें आणि कर्तृत्वानें बाळू सर्वांत वडील. तरी दरसाल नायक दुसराच निवडला जाई. या दारास दोन कुलपें होतीं हें समजून घेतलें पाहिजे. पहिलें कुलूप जातीचें. दुसरें कुलूप विलायतेहून आयात केलेल्या कल्पनेचें : नायक हा ‘कुलीन’ व शिकलेला असावा, मैदानावर राबणारा मजूर नसावा. एकानें सांगावें, दुसऱ्यानें राबावें, ही विभागणी दोन्हीं संस्कृतींना पटण्यासारखी होती. म्हणून तीं दोन कुलपें एकमेकांत घट्ट बसलीं.

१९२० सालीं हा प्रश्न चव्हाट्यावर आला. चौरंगी सामन्यांच्या हिंदु संघांतून बाळूंना वगळण्यांत आलें, आणि नायक पै हे खेळूं शकत नसतां त्यांची जागा शिवराम किंवा विठ्ठल यांस न देतां प्रा. देवधर यांस दिली गेली. देवधर हे थोर खेळाडू होते यांत शंका नाहीं. परंतु ते या बंधूंहून धाकटे होते, आणि प्रश्न ज्येष्ठतेचा होता. शिवराम आणि विठ्ठल यांनीं संघांतून अंग काढून घेतलें व त्याचें कारण प्रसिद्धपणें सांगितलें. लोकमत त्यांच्या बाजूस वळलें. अखेर तडजोड होऊन तिघेही बंधु संघांत परत आले, बाळूंना उपनायक नेमण्यांत आलें, आणि नायक कांहीं वेळ मैदानाबाहेर गेले असतां संघाची सूत्रें त्यांच्या हातीं आलीं. ज्या मनुष्यानें दीड तप संघ जिंकून दिला, त्याच्या वांट्यास नायकत्व आलें तें एवढेंच.

तीन वर्षांनीं, १९२३ सालीं, विठ्ठल पळवणकर हिंदु संघाचे नायक झाले आणि त्या वर्षींचे चौरंगी सामने हिंदूंनीं जिंकले. थोरल्यानें ठोठावलेलें दार धाकट्यासाठीं उघडलें. विठ्ठलरावांनीं १९४८ सालीं ‘माझें क्रीडा-जीवन’ हें आत्मवृत्त मराठींत लिहिलें. एका खेळाडूनें स्वतःच्या लेखणीनें दिलेला हा जबाब म्हणून त्याचें मोल मोठें आहे.

मैदान सोडल्यावर बाळू सार्वजनिक जीवनांत उतरले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस तरुणपणीं बाळूंच्या कर्तृत्वाविषयीं मोठा आदर होता. दोघांचेही वडील लष्करांत नोकरीस होते, हा योगायोग नव्हे. त्या पिढीच्या वर येण्याची वाटच ती होती. पुढें दोघांचे मार्ग वेगळे झाले. वरच्या जातींचें मन वळवून, त्यांच्यांत राहून सुधारणा होईल, अशी बाळूंची श्रद्धा. हक्क मागून मिळत नसतात, ते संघटनेनें घ्यावे लागतात, हा आंबेडकरांचा निर्णय. १९३२ सालच्या २४ सप्टेंबरला येरवड्यास जो पुणें करार झाला, त्यावर दोघांच्याही सह्या आहेत. १९३७ सालच्या प्रांतिक निवडणुकींत मुंबईंत काँग्रेसनें डॉ. आंबेडकरांविरुद्ध बाळूंना उभें केलें. आंबेडकरांस १३,२४५ मतें पडलीं, बाळूंना ११,२२५. दोन हजारांच्या अंतरानें बाळू हरले. परंतु ज्यांनीं एके काळीं एकमेकांचें यश आपलें मानलें होतें असे दोन पुरुष समोरासमोर उभे केले जावेत, यांतच त्या निवडणुकीचें दुःख सांठलेलें आहे. १९५५ सालच्या जुलैंत मुंबईस बाळूंचें निधन झालें.

या कारकीर्दीचा हिशेब कसा मांडावा? मजुरी घेऊन खेळल्यामुळें बाळूंचें नुकसान झालें, असें म्हणतां येईल काय? उलट, मजुरी नसती तर ते मैदानावर आलेच नसते. हौशी खेळास फुरसत लागते, आणि फुरसत ही ज्यांच्या घरीं भाकरीची चिंता नाहीं त्यांची मिरास. गरिबाच्या मुलास खेळाडू व्हावयाचें असेल तर खेळानें त्यास भाकरी दिलीच पाहिजे. म्हणून ‘पैशासाठीं खेळणारा’ ही जी शिवी हौशी मंडळींनीं तयार केली, ती वस्तुतः गरिबांस मैदानाबाहेर ठेवण्याची युक्ति होती. चार रुपये पगार आणि आठ आण्यांचें बक्षीस यांनीं ती युक्ति पुण्यांत मोडून काढली.

परंतु मजुरीनें जें मिळत नाहीं, तेंही या चरित्रांत तितकेंच स्पष्ट दिसतें. दाम मोजणारा हाताचें कौशल्य विकत घेतो; त्या हातास आपल्या पंक्तीस बसविणें ही गोष्ट दामांत मोडत नाहीं. लोवेलच्या बकी ल्यूस पांच डॉलर मिळाले, पण बांकावरून उठण्यासाठीं प्रेक्षकांस ओरडावें लागलें. पुण्याच्या बाळूंस आठ आणे मिळाले, पण चहा बाहेर उभें राहून घ्यावा लागला. दोघांनींही पुढील पिढीसाठीं वाट केली. त्या वाटेवरील कांटे स्वतःच्या पायांत घेतले.

आज शिरूरच्या किंवा दौंडच्या मैदानावर एखादा मुलगा चेंडू टाकतो, कबड्डीची चढाई करतो किंवा बास्केटबॉलच्या कड्याकडे झेप घेतो, तेव्हां हा आपला धंदा होऊं शकेल असें स्वप्न त्यानें पाहिलें तर कोणी त्यास हंसत नाहीं. हें स्वप्न फुकट आलेलें नाहीं. त्याची पहिली किंमत पुण्याच्या एका मैदानावर, पहांटेच्या दंवांत रूळ ओढणाऱ्या एका मुलानें भरली आहे. खेळाडूचें नांव किती रकमेस गेलें हें विचारतांना, सामना संपल्यावर त्यास चहा कोठें व कोणत्या भांड्यांत मिळाला, हाही प्रश्न विचारण्याची संवय समाजानें ठेविली, तर बाळूंची ती किंमत वसूल झाली असें म्हणतां येईल.